लहान मुलांची मोजदाद आणि आलेख

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस बोलावयास पाचारण केले, तेव्हा विषयाची निवडही आमच्यावरच सोपविली. अशा प्रसंगी 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर बोलण्याचा प्रघात आहे. परंतु ते महत्त्व आता आपल्या आगरी ज्ञातीत कोणास पटवून द्यावयास नको. ज्या घरांतील आजे कागदावर अंगठा उठवीत, त्याच घरांतील नाती आज महाविद्यालयांत जात आहेत. म्हणून महत्त्वाची गोष्ट बाजूस ठेवून आम्ही शिक्षणातील एका लहानशा कामाविषयी बोलणार आहोत. लहान मुलांनी भोवतालची माहिती स्वतः कशी गोळा करावी आणि तिचा साधा आलेख कसा काढावा, हे ते काम होय.

आलेख म्हटला की पालकांस चौकटींचा कागद, पट्टी, टोकदार शिसपेन्सिल आणि परीक्षेतील चार हुकमी गुण एवढेच आठवते. त्यात त्यांचा दोष नाही. पाठ्यपुस्तकात प्राथमिक इयत्तांस चित्ररूप माहिती असते, सहावीस स्तंभालेख येतो, पुढे जोडस्तंभालेख आणि दहावीपर्यंत वृत्तालेख. प्रत्येक ठिकाणी वर एक तयार सारणी छापलेली असते. एका गावातील वाहने, एका वर्गातील मुलांची आवडती फळे, एका दुकानातील विक्री. मुलाने त्या आकड्यांइतके स्तंभ उभे करावयाचे, रंग भरावयाचे आणि खाली 'प्रमाण' लिहावयाचे. हे शिकले पाहिजे यात शंका नाही. पण ते गाव कोणते, ती वाहने कोणी मोजली, कोणत्या दिवशी मोजली आणि मुळात कशासाठी मोजली, यांतले काहीच मुलास ठाऊक नसते. स्वयंपाक दुसऱ्याने केला आणि मुलाने फक्त पाने मांडली, असा तो प्रकार होतो. आम्ही आयुष्यभर खालच्या वर्गांना शिकविले आणि आमचे मत असे बनले की, आलेखातील खरे शिक्षण पट्टी हातात घेण्यापूर्वीच होऊन जाते.

त्याचा आरंभ फार लवकर होतो. मूल मोजावयास शिकण्यापूर्वी वेगळे करावयास शिकते. बालवाडीतील मुलापुढे शिंपले, चिंचोके, गोट्या आणि पाने यांचा मिसळलेला ढीग ठेवा. कोणी न सांगता ते त्यांचे चार ढीग करू लागते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबाडला नेले. हा भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात गेला. परदेशी पद्धतीची महागडी साधने आणण्याऐवजी या दोघींनी रानातील बिया, खडे, पाने, शिंपले हीच साधने केली. आपल्या खाडीकाठी तर शिंपल्यांस तोटा नाही.

ढीग झाले की प्रश्न येतो, जास्त काय आणि कमी काय. येथे मूल डोळ्यांनी फसते. चार नारळ आणि दहा चिंचोके ठेवले तर पाच वर्षांचे मूल नारळच जास्त म्हणते, कारण ढीग मोठा दिसतो. मग प्रत्येक नारळासाठी एक रिकामी काडेपेटी आणि प्रत्येक चिंचोक्यासाठीही एकच काडेपेटी ठेवावयाची, व त्यांच्या दोन चळती शेजारीशेजारी रचावयाच्या. चिंचोक्यांची चळत उंच गेलेली पाहून मुलाच्या मुद्रेवर जे आश्चर्य उमटते, ते पाहण्यासारखे असते. स्तंभालेख म्हणजे याहून निराळे काही नाही. पुढे चित्रे काढावयास लागल्यावर हेच मूल बस मोठी आणि सायकल लहान काढते, आणि तीन बसगाड्यांची ओळ आठ सायकलींहून लांब होते. अशा वेळी शिक्षकाने ते चित्र खोडू नये. त्याला पुन्हा काडेपेट्यांकडे न्यावे. चूक त्याची त्यालाच दिसते.

मोजताना लागणाऱ्या ताळ्याच्या खुणाही, चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरपी, मुले अर्ध्या तासात उचलतात. दूधवाला दाराच्या चौकटीवर खडूने रेघा ओढी, तीच ही विद्या. मासळी कोडीने मोजणाऱ्या बाईस गट करून मोजणे म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. तिच्या मुलासही ते लवकर समजते.

अवघड भाग पुढे आहे. मोजावयाचे ठरले, की 'एक' म्हणजे काय हे आधी ठरवावे लागते. एकदा तिसरीच्या मुलांस शाळेच्या फाटकाच्या आत बसवून आम्ही रस्त्यावरील वाहने मोजावयास लावली. दोन मुलांचा एक गट, असे सहा गट. वेळ एकच, रस्ता एकच. आणि सहा गटांचे आकडे सहा प्रकारचे आले. वर्गात भांडण जुंपले. एकाने उभी असलेली रिक्षा मोजली होती, दुसऱ्याने नाही. एकच स्कूटर जाऊन परत आली, ती एक की दोन? टेम्पो हा ट्रक धरावयाचा की निराळा? हातगाडी वाहन आहे की नाही, यावर तर पाऊण तास गेला आणि शेवटी जिचे वडील हातगाडी चालवीत त्या मुलीच्या बाजूने निकाल लागला. दुसऱ्या दिवशी नियम फळ्यावर लिहून पुन्हा मोजले, तेव्हा आकडे बरेच जवळ आले, तथापि अगदी सारखे आले नाहीत. ते सारखे येत नाहीत, हेही मुलांस कळले पाहिजे. तपासणीस आलेल्या एका साहेबांनी त्या दिवशी विचारले होते की, गुरुजी, आज गणिताचा तास का झाला नाही?

आवडत्या फळाचेही तसेच. पुस्तकातील सारणीत बहुधा आंबा पहिला येतो. प्रत्यक्ष वर्गात विचारा. कोणी दोन फळे सांगतो, कोणी शेजाऱ्याचे ऐकून सांगतो. सफरचंद कधी न खाल्लेले मूलही सफरचंद सांगते, कारण ते पुस्तकात आहे. 'आवडते फळ कोणते' आणि 'या आठवड्यात कोणते फळ खाल्ले' हे दोन प्रश्न विचारून दोन आलेख शेजारी लावले, तर त्या दोहोंतील अंतर चौथीच्या मुलासही दिसते. आमच्या वर्गात दुसऱ्या आलेखात केळे सर्वांच्या पुढे गेले आणि 'कोणतेच नाही' हा स्तंभही बराच उंच झाला.

आता एक अनुभव जरा विस्ताराने सांगतो.

आम्ही किनाऱ्याकडील एका शाळेत चौथीस होतो. वर्गात कोळी, आगरी, ख्रिस्ती अशी सर्व घरांतील मुले होती. कार्तिक महिन्यात आम्ही वर्गाच्या भिंतीशी एक लांब फळी ठेविली आणि मुलांस सांगितले की, रोज जितकी मुले गैरहजर असतील तितक्या काडेपेट्या त्या दिवसाच्या जागी रचावयाच्या. मुलांसाठी निळा कागद चिकटविलेल्या पेट्या, मुलींसाठी तांबड्या. कोणाचेही नाव पेटीवर लिहावयाचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी केला. आमचा हेतू एवढाच होता की, मुलांना रोज काहीतरी मोजावयास मिळावे.

महिना संपून दुसरा लागला, तेव्हा वर्गातील एका मुलाने सांगितले की, गुरुजी, तांबड्या पेट्यांना लाट आहे. आम्ही पाहिले. निळ्या पेट्या कोठे दोन, कोठे तीन, अशा विस्कळीत होत्या. तांबड्या मात्र काही दिवस खाली बसत आणि मग चार-पाच दिवस उंच होत. पुन्हा खाली बसत आणि पुन्हा उंच. दोन उंचवट्यांत साधारण पंधरा दिवसांचे अंतर. असे का, म्हणून विचारले, तर कोणी परीक्षा म्हणाले, कोणी ताप म्हणाले. मागच्या बाकावरील एक मुलगी फारशी बोलत नसे. ती म्हणाली, "उधाण." भिंतीवर दिनदर्शिका होती. मुलांनी पेट्यांच्या रांगेवर पौर्णिमा आणि अमावास्या खडूने लिहिल्या, आणि उंचवटे बरोबर त्यांच्या आसपास आले.

जे डोलीची मासेमारी जाणतात त्यांस याचे कारण सांगावयास नको. डोल हे जाळे ओढीत नाहीत. ते एका जागी रोवतात आणि प्रवाहाच्या जोराने मासळी त्यात शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्यास ओढ अधिक, म्हणून बोंबील आणि जवळा अधिक. भांगाच्या दिवसांत पाणी मंद असते आणि मासळीही कमी. मासळी अधिक आली की आई बाजारास लवकर निघते, वाळत घालण्याचे कामही वाढते, आणि धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरी राहते. मुलगा शाळेत येतो.

मुली मधूनमधून गैरहजर राहतात, हे सर्व शिक्षकांस ठाऊक होते. हजेरीपटात ते रोज लिहिले जात होते, महिन्याअखेर टक्केवारी काढून वरही पाठविली जात होती. परंतु टक्केवारीत लाट दिसत नाही. महिन्याची सरासरी काढली की भांगाचे दिवस आणि उधाणाचे दिवस एकमेकांत मिसळून जातात आणि आकडा दरमहा तोच येतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी रचलेल्या काडेपेट्यांनी जे दाखविले, ते आमच्या सुबक हस्ताक्षरातील तक्त्यांनी वर्षानुवर्षे दाखविले नव्हते.

पालकसभेच्या दिवशी आम्ही ती फळी तशीच ठेविली. काही वेळ कोणी बोलले नाही. एक गृहस्थ रागावले. घरच्या गोष्टी शाळेत मांडावयाचे कारण काय, असे त्यांनी विचारले. त्यांचा राग अगदीच अनाठायी होता असे आम्ही म्हणणार नाही. पेट्यांवर नावे नव्हती एवढेच आम्ही त्यांस दाखवू शकलो. पण एका आजीबाईंनी उठून सांगितले की, उधाणाचे चार दिवस दोन-तीन घरांतील पोरे आमच्या ओटीवर आणून सोडा. अंगणवाडीच्या ताईंनीही त्या दिवसांत थोडे लवकर उघडण्याचे मान्य केले. पुढच्या दोन महिन्यांत तांबडा उंचवटा खाली आला, पण पुरता गेला नाही. ज्या घरांत मूल सहा महिन्यांचे होते, त्या घरची मुलगी काही आली नाही. आलेखाने कारण दाखविले. पाळणा हलविण्यास तो कसा येणार?

त्या गृहस्थांच्या रागाचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुलांनी काय मोजू नये, हेही ठरविले पाहिजे. घरात खोल्या किती, वडिलांचा पगार किती, घरी दूरचित्रवाणी आहे की नाही, असे प्रश्न हल्ली प्रकल्पाच्या नावाखाली सर्रास विचारले जातात. वर्गातील एका मुलाच्या स्तंभाची उंची शून्य येणार हे ज्या प्रश्नात आधीच दिसते, तो प्रश्न विचारू नये. मुलांची वजने भिंतीवर नावानिशी लावणे हा तर निव्वळ आडदांडपणा होय. वजन मोजावेच, कारण तोही उत्तम धडा आहे; पण आलेखात 'पंचवीस ते तीस किलो' असा गट असावा, अमका मुलगा नसावा.

आता प्रमाणाविषयी थोडे. चौकटीच्या कागदावर येताना मुलास पहिली अडचण पडते ती अशी की, आकडा मोठा आणि कागद लहान. यासाठी आपल्या गावाहून चांगले उदाहरण मिळणार नाही. जनगणनेच्या कामी आम्ही तीन वेळा येथे घरोघर फिरलो आहोत, म्हणून हे आकडे आमच्या लक्षात राहिले. १९९१ साली मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे १ लाख ७५ हजार होती. २००१ साली ती सुमारे ५ लाख २० हजार झाली आणि २०११ साली सुमारे ८ लाख ९ हजार. २०२१ ची गणना करोनामुळे लांबणीवर पडली. एका लाखास एक सेंटिमीटर धरा. पहिला स्तंभ पावणेदोन सेंटिमीटर, दुसरा पाचाहून किंचित अधिक, तिसरा आठाहून किंचित अधिक. वहीच्या पानात सहज बसतात. ज्यांनी मिठागरे आणि खाजणे पाहिली त्यांस या तीन स्तंभांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

याच स्तंभांवर एक खोडीही करून दाखवावी. खालची रेघ शून्याऐवजी एक लाखापासून सुरू करा. आता पहिला स्तंभ पाऊण सेंटिमीटर आणि दुसरा चार सेंटिमीटरांहून थोडा अधिक. लोकसंख्या खरोखर तिप्पट झाली, पण चित्रात ती साडेपाच पटीहून अधिक दिसते. आकडा एकही खोटा नाही, आणि चित्र मात्र खोटे. वर्तमानपत्रांत, जाहिरातींत आणि निवडणुकीच्या पत्रकांत ही युक्ती नित्य चालते. सहावीच्या मुलास ती एकदा स्वतः करू दिली, की ते पुढे प्रत्येक आलेखाची खालची रेघ आधी पाहते. घरी येऊन ते आपल्या वडिलांच्या पक्षाच्या पत्रकातही ती पाहील. त्यास आमचा इलाज नाही.

स्तंभालेख ही काही फार जुनी वस्तू नव्हे. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात स्कॉटलंडच्या व्यापाराचे स्तंभ काढले. इंग्लंडच्या व्यापाराचे अनेक वर्षांचे आकडे त्याच्याजवळ होते, म्हणून तेथे त्याने चढउताराच्या रेषा काढल्या. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे आकडे हाती होते आणि एका वर्षाची रेषा काढता येत नाही, म्हणून त्याने नाइलाजाने स्तंभ उभे केले. माहिती अपुरी होती, त्या अपुरेपणातून ही सोय निघाली. मुलांस ही गोष्ट फार आवडते.

रेषेचा आलेख शिकविण्यासाठी मात्र आपल्या लोकांस प्लेफेअरकडे जावयास नको. आपल्या ज्ञातीचे नावच आगरावरून पडले, असे सांगतात; आगरात पाणी घ्यावयाचे ते भरतीच्या वेळेवर. भरतीची वेळ आपल्या वाडवडिलांनी घड्याळाशिवाय तोंडी बसविलेली आहे. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. हा हिशेब येथे बसलेल्या वडील मंडळींपैकी पुष्कळांस येतो आणि त्यांच्या नातवंडांपैकी बहुतेकांस येत नाही. नातवंडे भ्रमणध्वनीवर पाहतात.

सातवीच्या मुलांकडून आम्ही तो हिशेब तपासून घेतला. खाडीच्या धक्क्यावर, वडील माणूस बरोबर असतानाच (ही अट कोणी सोडू नये), मुलांनी पाणी चढत असता पायरीवर दर दहा मिनिटांनी खडूची खूण केली आणि पाणी थांबले ती वेळ लिहिली. आडव्या रेघेवर तिथी, उभ्या रेघेवर वेळ. अमावास्येपासून ठिपके एकापुढे एक वर चढत गेले. अष्टमीच्या सुमारास भरती संध्याकाळात गेली आणि अंधारामुळे मुलांस सकाळची भरती धरावी लागली. तेथे आलेख तुटला. तो का तुटला, हे समजावून घेण्यात एक तास गेला आणि दिवसात दोन भरत्या असतात हे वाक्य तेव्हा कोठे त्यांच्या डोक्यात शिरले. ठिपक्यांची रेषा आणि आजोबांच्या नियमाची रेषा एकाच कागदावर काढली, तेव्हा मुलांची रेषा थोडी वर राहिली आणि दिवसेंदिवस आणखी वर सरकत गेली. याची कारणे दोन. समुद्राचे पाणी खाडीत आत चढावयास वेळ लागतो, म्हणून आपल्या धक्क्यावर भरती किनाऱ्याहून उशिरा. आणि नियमात रोजची वाढ पंचेचाळीस मिनिटांची आहे, प्रत्यक्षात ती सरासरीने सुमारे पन्नास मिनिटांची असते. तोंडी करता यावा म्हणून वाडवडिलांनी हिशेब घासून गुळगुळीत केला. एवढ्या थोड्या फरकाने तो पिढ्यानुपिढ्या उपयोगी पडला, हे पाहून मुले आजोबांकडे पुन्हा विचारावयास गेली. हा लाभ आम्ही गणितात धरलेला नव्हता.

महाराष्ट्रात अशा नोंदींवर सबंध गावाचा व्यवहार चालतो, याचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार होय. तेथे पडलेल्या पावसाची नोंद ठेवतात, पाण्याचा वर्षाचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कोणते पीक घ्यावे व कोणते घेऊ नये, हे गाव मिळून ठरविते. साताऱ्याकडील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे शेतीच्या आकडेशास्त्रात जगभर मान्यता पावले. त्यांचे आरंभीचे मोठे काम शेतातील निवडक तुकड्यांचे पीक कापून, तोलून सबंध प्रदेशाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधण्याचे होते. म्हणजे तेथेही सुरुवात तराजूपासूनच.

आता भ्रमणध्वनीविषयी. आकडे टाकले की यंत्र क्षणात रंगीत आलेख काढून देते, मग मुलाने पट्टी का धरावी, असे तरुण पालक विचारतात. यंत्राने आलेख काढण्यास आमची काहीच हरकत नाही. आठवीपुढे जरूर काढावा. परंतु उभी रिक्षा मोजावयाची की नाही, हे यंत्र विचारीत नाही. आणि दुसऱ्याच गावाचे आकडे टाकले, तरी ते तितकाच सुंदर आलेख काढून देते.

याच संदर्भात आम्हांस मंडळास एक विनंती करावयाची आहे आणि भाषण तिच्यापाशीच संपवावयाचे आहे. २६ जुलै २००५ हा दिवस आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७४. एकाच शहरात, एकाच दिवशी एवढे अंतर. मग सांताक्रूझच्याही उत्तरेस असलेल्या आपल्या भाईंदरला, घोडबंदरच्या डोंगराखाली किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर नेहमीच्या दिवशी किती पडतो, हे दुसऱ्या ठिकाणच्या आकड्यावरून कसे कळणार? सभासद कुटुंबे भाईंदर पूर्व, पश्चिम, मीरा रोड, काशी, राई, मुर्धे, उत्तन अशी पसरलेली आहेत. त्यांपैकी वीस-पंचवीस घरांतील मुलांनी येत्या पावसाळ्यात रोजचा पाऊस मोजावा आणि त्याचा आलेख पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावा.

साधन घरीच होते. सरळ अंगाची रुंद प्लास्टिकची बाटली घ्यावी, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून फनेलासारखा बसवावा. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून आत थोडे स्वच्छ खडे टाकून ते बुडेपर्यंत पाणी घालावे आणि तेथे शून्याची रेघ मारावी. त्यावर मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी उभी चिकटवून तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. बाटली विटांच्या आधाराने उघड्यावर ठेवावी. झाडाखाली, पन्हाळीखाली किंवा गच्चीच्या कठड्याशी ठेवू नये. सरकारी वेधशाळा पावसाचा दिवस सकाळी साडेआठपासून साडेआठपर्यंत धरतात. मुलांनीही तीच वेळ पाळावी. शाळा सकाळची असेल तर त्या घरी आईने किंवा आजीने वाचून ठेवावे, पण लिहिणार मूलच. वाचल्यावर पाणी शून्याच्या रेघेपर्यंत खाली आणावे. शाळा जूनच्या मध्यास उघडतात. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या जन्मदिवशी, २९ जूनला, २००७ पासून सांख्यिकी दिन पाळतात. निदान त्या दिवसापर्यंत प्रत्येकाची बाटली जागेवर बसलेली असावी.

पालकांस दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. मूल वही घेऊन काही विचारावयास आले, तर खरे उत्तर द्यावे. द्यावयाचे नसेल तर 'सांगत नाही' असे म्हणावे आणि मुलाने तसेच लिहावे. आणि वहीतील आकडा शेजारच्या मुलाच्या आकड्याशी जुळत नाही म्हणून तो घरी बसून दुरुस्त करू नये. ज्या दिवशी पाऊस पडला नाही, त्या दिवशी शून्य लिहावे. ज्या दिवशी पाहावयाचे राहून गेले, मूल आजारी होते, लग्नास गेले होते, बाटली वाऱ्याने पडली, त्या दिवशी शून्य लिहू नये. तेथे आडवी रेघ मारावी आणि शेजारी कारण लिहावे. वह्या दिवाळीच्या सुटीत मंडळाच्या कार्यालयात आणून द्याव्यात, पुसलेल्या-खोडलेल्या असल्या तरी चालतील.